अण्णा, तुम्ही अंगावर घेतलेली चूक

अण्णा,

मागच्या महिन्यात आम्ही सगळी नेसरीला येऊन गेलो. "एकदा घरला या की सगळी, भाकरी खाऊन जावा," असं तुम्ही दर दिवाळीला म्हणायचासा, आणि दर दिवाळीला काहीतरी आडवं यायचं. कुणाकडं पावणे आलेले असायचे, कुणाला ओव्हरटाईम लागलेला असायचा. या खेपेला कुणालाच काही आडवं आलं नाही. वडापच्या दोन जीपगाड्या करून कागलहून निघालो. फौंड्रीच्या कोअर शॉपातल्या बायका, साचे भरणारी माणसं, फर्नेसवरचे दोघं-तिघं. गडहिंग्लज मागं टाकून तुमच्या दारात उतरलो.

आत बायका कानडीत हळूहळू बोलत होत्या. वैनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी पुढं होऊन त्यांचा हात धरला, तर त्यांनी माझ्याकडं नीट निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "तू रुक्साना न्हवं? लई भांडायचीस म्हणं त्यांच्यासंगं."

"व्हय," म्हटलं.

"जेवताना सांगायचे की. आज ती मुरगूडची पोरगी माझ्यावर तापली म्हणून. आणि हसायचे."

तुम्ही हसायचासा हे मला ठाऊक नव्हतं. फौंड्रीत माझ्यासमोर तर तोंड एवढंसं करून ऐकून घ्यायचासा आणि मग स्वतःच्या मनासारखंच करायचासा. वैनींच्या शेजारी बसल्या बसल्या मला रडू यायला हवं होतं. राग आला. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. पण आपलं भांडण अर्ध्यावर पडलंय, आणि तुम्ही उठून गेलासा. सुट्टीच्या सोमवारी, पूजा उरकून, पुढ्यात ताट आलेलं असताना. वैनी तव्याकडं वळल्या तेवढ्यात.

तर आता हे भांडण मी एकटीच पुढं नेणार. तुम्ही नेहमीसारखं ऐकून घ्या.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं फार आहे.

मी कोअर शॉपात लागले ती हातकामाची बाई म्हणून. कोअर म्हणजे वाळूचा गाभा. लोखंडाच्या ओतीव भागात जिथं पोकळी राहायला पाहिजे, तिथं तो साच्यात बसवायचा. नाजूक काम, म्हणून बायकांकडं. मी तेच करत म्हातारी झाले असते आणि मला त्याचं काही वाटलंही नसतं. तुम्ही एका सकाळी येऊन म्हणालासा, "उद्यापासनं हे शॉप तुझ्याकडं." विचारलं नाही, सांगितलं. मी म्हटलं, अण्णा, मशीनवर एवढी पुरुष माणसं हायत, त्यांनी ऐकलं न्हाय तर? "बघू की," म्हणून निघून गेलासा.

त्यांनी नाहीच ऐकलं. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, वाळू आधी चाळून घ्या, भरड यायला लागली. मशीनवरच्या दत्तानं सरळ पाठ फिरवली. दुसरा एक म्हणाला, "आता बाईमाणूस सांगणार आणि आम्ही चाळणार व्हय?" बाकीचे हसले. माझे कान तापले. मला वाटलं, आता तुम्ही याल आणि त्यांना झाडाल. तुमचा आवाज काय कमी होता? फर्नेसची घरघर चालू असताना पलीकडच्या शेडला ऐकू जायचा.

तुम्ही आलासा, पण झाडलं नाही कुणाला. सगळ्यांच्या देखत माझ्यासमोर येऊन उभं राहिलासा. "सुपरवायझर, आज मला काम न्हाय. कुठं हुभा राहू?"

मी वाळूच्या ढिगाकडं बघितलं.

"सांगा की. मोकळा हाय मी."

"चाळणीवर," माझ्या तोंडातनं निघून गेलं.

साच्यापासून ओतकामापर्यंतचा सगळा कारभार ज्याच्याकडं, तो माणूस बाह्या सारून चाळणीवर उभा राहिला. थोड्या वेळानं बघते तर तुम्ही भरड वाळू तशीच खाली सोडताय. मुद्दाम. मला कळत होतं की मुद्दाम आहे. जवळ येऊन हळू म्हटलं, अण्णा, चुकायलंय हे. तुम्ही कुजबुजलासा, "मोठ्यानं."

मी मोठ्यानं म्हटलं, "अण्णा, नीट चाळा, सगळी भरड जायला लागली!"

शेडमधली माणसं हातातलं काम थांबवून बघायला लागली. तुम्ही म्हणालासा, "चुकलं बाई. परत चाळतो." आणि खरंच परत चाळलंसा, जेवणाच्या सुट्टीपर्यंत. सुट्टीनंतर दत्ता आपण होऊन चाळणीपाशी आला. "सोडा अण्णा, मला लाज वाटायली," म्हणाला. तुम्ही चाळणी त्याच्या हातात दिलीसा आणि फर्नेसकडं गेलासा. त्यानंतर त्या शॉपात माझं ऐकायचं की नाही हा प्रश्न कुणी काढला नाही. दत्तानं तर नाहीच.

तुमचं सगळं असं होतं. पाळी सुरू व्हायच्या आधी तुम्ही टाईम ऑफिसच्या दारात उभं असायचासा, आणि येणाऱ्या माणसाच्या चालीवरनं ओळखायचासा की आज याला फर्नेसजवळ पाठवू नये. "घरात काय झालंय का?" असं कधी विचारलं नाही. "आज तू माल मोजायला थांब," एवढंच. त्या माणसाला संध्याकाळी कळायचं, आज आपल्याला सांभाळून घेतलं. मला 'तंगी' म्हणायचासा. पहिल्यांदा म्हणालासा तेव्हा मी घरी जाऊन अम्मीला विचारलं, आपल्या अंगावरच्या कपड्यावरनं तर काय बोलले नसतील? आमच्यात तंगी म्हणजे हातात पैसा नसणं. अम्मी म्हणाली, कानडी माणूस आहे, विचार त्यालाच. विचारलं तर तुम्ही इतकं ओशाळलासा. "अगं, धाकटी भण गं. आमच्यात धाकट्या भणीला तंगी म्हणत्यात."

हे सगळं मी विसरलेले नाही. मला आज जे काही जमतं ते तुमच्याकडनं आलंय. म्हणूनच त्या दुसऱ्या गोष्टीचा त्रास होतो.

ती सुरू झाली त्या हॉटेलातल्या शिबिरापासून. थोरले साहेब आजारी पडून घरी बसले, कारभार धाकट्या साहेबांकडं आला, आणि त्यांनी आम्हां सगळ्या सुपरवायझरांना कोल्हापुरात एका हॉलमध्ये नेतृत्व शिकायला पाठवलं. पुण्याहून आलेल्या साहेबांनी आमच्याकडनं कागदी कपांचे मनोरे करून घेतले. डोळे बांधून एकमेकांना चालवलं. टाळ्या वाजवून ओरडायला लावलं. तुम्ही सगळं केलंसा, निमूट. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर तुम्ही हात वर केलासा.

"सायेब, टीम जिंकली तर मान कुणाचा?"

"टीमचा."

"आणि हरली तर?"

"कॅप्टननं जबाबदारी घ्यायची," ते म्हणाले.

तुमचा चेहरा असा खुलला, जणू शाळेत बक्षीस मिळालं. कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसून म्हणालासा, "ऐकलंस न्हवं? पुण्याचा माणूस बी तेच म्हणतोय."

मी म्हटलं, "जबाबदारी घ्यायची म्हणजे काय करायचं पण? मी केलं म्हणून सांगायचं?"

"व्हय की."

"आणि ज्यानं केलं त्यानं?"

"त्यानं कामाला लागायचं."

"मग त्याला कळायचं कसं, काय चुकलं ते?"

"कळतंय गं. ज्याचं त्याला आतून कळतंय." तुम्ही खिडकीबाहेर बघायला लागलासा. उजळाईवाडीच्या पुढं ट्रॅफिक अडकलं होतं. तिथंच आपलं भांडण सुरू झालं, आणि तेव्हा ते नुसतं बोलण्यापुरतं होतं.

धाकट्या साहेबांनी मालाचा आकडा वाढवला. ऑर्डर मोठी मिळाली होती, गाड्यांच्या कंपनीची. आता कोअरला रंग दिल्यावर तो ओव्हनमध्ये पूर्ण सुकावा लागतो. ओल राहिली आणि साच्यात वितळलेलं लोखंड ओतलं, की वाफेनं ते उलटं उसळतं. हे आमच्यातल्या नव्या बाईलाही पहिल्या दिवशी सांगतात. आकडा वाढला, माणसं वाढली, ओव्हन एकच राहिला. मी तुम्हाला म्हटलं, वर जाऊन सांगा. तुम्ही म्हणालासा, "सांगतो, जरा दम काढ. नवीन माणूस हाय, त्याला एकदम न्हाय म्हणून तोडू नये."

त्या दुपारी माझी पाळी सुटली होती. गेटपाशी बसची वाट बघत उभी होते. आतनं ओरडा ऐकू आला आणि पळत गेले. बिद्रीकडचा संभा लाडल, लोखंड ओतायची ती मोठी पळी, घेऊन ओतत होता. लोखंड उसळून त्याच्या हातावर, मानेवर आलं होतं. तुम्ही वरनं, साहेबांच्या खोलीतनं, पळत खाली आलासा. त्याला गाडीत घालेपर्यंत तुम्हीच त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतंसा. दत्ता ओव्हनजवळ उभा होता, हात लोंबत सोडून. त्याच्याकडं बघून मला कळलं. पुढची लाईन थांबलेली, वरनं फोनावर फोन, आणि त्यानं कोअर वेळेआधी काढले होते.

दवाखान्यातनं परत आल्यावर साहेबांनी सगळ्यांना वर बोलावलं. मी दारात होते. दत्ता तुमच्या मागं.

"ओले कोअर कुणी काढले?"

दत्तानं तोंड उघडलं. मी बघितलं, अण्णा. त्याचे ओठ हलले होते. तुम्ही त्याच्या पुढं पाऊल टाकलंसा.

"मी सांगितलं काढायला."

"तुम्ही तर इथं माझ्यासमोर बसला होता."

"वर यायच्या आधी सांगून आलो. चूक माझी."

साहेब तुमच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे." आणि सगळं तिथंच मिटलं. संभाचा दवाखाना कंपनीनं केला. दत्ता आपल्या जागी राहिला. तुम्हाला गेटजवळ एक खुर्ची देऊन सेफ्टी बघायला सांगितलं. येणाऱ्यानं बूट घातलेत का, टोपी आहे का. ज्या माणसाच्या हाताखाली सगळी शेड चालायची, त्याच्या हाताखाली आता एकही माणूस नव्हता. तुमचं काम साहेबांनी मला दिलं. मी घेणार नव्हते. तुम्हीच म्हणालासा, "घे. तू न्हाय घेतलंस तर भायेरचा कोणतरी आणून बसवतील."

मी घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तुमच्या खुर्चीपुढं येऊन उभी राहिले.

"हे काय केलंसा तुम्ही?"

"काय केलं?"

"चूक अंगावर घेतलीसा आणि चौकशी तिथंच मेली. आकडा वाढवला कुणी, हे कुणी विचारलं? ओव्हन एकच का, हे कुणी विचारलं? 'अण्णांचं चुकलं' म्हणून सगळी मोकळी झाली. साहेब बी."

"दत्ताची नोकरी ऱ्हायली की."

"आणि संभाचा हात?"

तुम्ही टोपी काढून मांडीवर ठेवलीसा. मग म्हणालासा, "बस इथं." मी बसले नाही. उभ्या उभ्याच ऐकलं. तुम्ही सांगितलंसा की जवानपणी दुसऱ्या एका कारखान्यात तुम्हाला असंच सगळ्यांसमोर उभं केलतं. एक साचा फुटला होता. मालक सगळ्यांपुढं म्हणाला, हा बघा, यानं आपला माल घालवला. "त्या दिसापासनं माझे हात कापायचे गं. साधं लाडल धरायला भ्यायचो. कामाला जायचो ते नुसता जीव वाचवायला. माणसाला एकदा सगळ्यांपुढं चोर केलं की त्याच्याकडनं काम व्हत न्हाय, रुक्साना. मी ठरवलं, माझ्या हाताखाली कुणाचं असं व्हणार न्हाय."

मला तुमचं दुःख कळलं. खरंच कळलं. तरी मी म्हटलं, "त्याला चोर करा असं कोण म्हणायलंय? त्याला बोलू तरी द्यायचं होतं."

"बोलून काय झालं असतं?"

"ठाऊक न्हाय. पण तुम्ही बघू दिलं न्हाय."

तुमच्यासाठी आणलेला चहा निवत होता. तो घेतला नाहीसा.

त्यानंतर दत्ताचं काय झालं हे तुम्हाला गेटवरनं दिसत नव्हतं. मला रोज दिसत होतं. आधी हा माणूस कुणाचं ऐकून न घेणारा. ओव्हनचं दार नीट लागत नव्हतं तर स्वतः पट्टी ठोकून बसवलेली त्यानं, कुणाला न विचारता. आता प्रत्येक गोष्टीला माझ्याकडं यायचा. "म्याडम, काढू का?" "म्याडम, ठेवू का?" मी म्हणायचे, दत्ता, तुला माहिताय की. तो मान हलवायचा आणि तिथंच उभा राहायचा. बाकीच्यांत बसून जेवायचा बंद झाला. तुम्ही नोकरी वाचवलीसा त्याची. माणूस मात्र दिवसेंदिवस आटत चाललेला.

आपलं शेवटचं बोलणं आठवतंय तुम्हाला? त्या सोमवारच्या आधीचा शनिवार-रविवार असेल. पाळी सुटून मी बाहेर पडत होते, तुम्ही खुर्चीवरनं हाक मारलीसा.

"दत्ता कसा हाय?"

"गप असतोय."

"शिकंल हळूहळू."

"काय शिकंल? गप राहायला?"

तुमच्या तोंडावर उत्तर आलं होतं. मला दिसलं. तेवढ्यात बस आली, ड्रायव्हरनं हॉर्न मारला, आणि तुम्ही हातानं 'जा, जा' केलंसा. काय म्हणणार होतासा? हे मी आता कुणाला विचारू? माझं चुकत असेल, तर ते सांगणारं एकच माणूस होतं.

नेसरीहून परत येताना निपाणीला चहाला थांबलो. सगळी टपरीकडं गेली, दत्ता गाडीतच बसून राहिला. मी त्याचा चहा घेऊन आत गेले. कप हातात घेतला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "म्याडम, मी अण्णांकडं गेलतो. त्या वेळेला. म्हटलं, मी साहेबास्नी जाऊन सांगतो, मी काढले म्हणून. त्यांनी पाठीवर हात ठेवला. झालं ते झालं, तू कामाला लाग, म्हणाले. परत एकदा गेलतो. परत तेच."

मी त्याच्या शेजारच्या सीटवर बसले.

"मला बोलूच दिलं न्हाय त्यांनी. लई माया केली, पण बोलू दिलं न्हाय." त्यानं कप खाली ठेवला. "संभाच्या घरला मी अजून गेलो न्हाय. कुठल्या तोंडानं जाऊ? त्याची आई रोज अण्णांच्या नावानं शिव्या देती म्हणं. आज अण्णा मातीत गेले. शिवी अजून त्यांच्याच नावानं हाय. ती माझी शिवी हाय, म्याडम."

अण्णा, मला तेव्हा रडू आलं. नेसरीत आलं नाही ते निपाणीत आलं. तुमच्यासाठी की त्याच्यासाठी, कळलं नाही. तुम्ही जन्मभर ज्यातनं माणसांना वाचवायला धडपडलासा, तेच दुसऱ्या वाटेनं त्याच्या वाट्याला आलं होतं. आणि तुम्ही ते मायेनं केलं होतंसा. तुम्ही वाईट माणूस असतासा तर माझं काम किती सोपं झालं असतं.

नेसरीहून आल्यावर कामावर गेलो, तर पहिल्याच दिवशी माल तुंबलेला. आम्ही सगळी गेलो होतो, त्याची भरपाई करायची होती. दुपारी साच्यांची लाईन कोअरसाठी खोळंबली. फोन सुरू झाले. मी ओव्हनकडं गेले. दत्ता दाराला पाठ लावून उभा होता.

"अजून ओल हाय," म्हणाला. "मी काढणार न्हाय."

त्यानं विचारलं नाही, सांगितलं. मी म्हटलं, "नको काढूस."

थोड्याच वेळात धाकटे साहेब स्वतः खाली आले. शेडमध्ये सगळी कामं थांबलेली, माणसं बघत उभी. "लाईन कुणी थांबवली?" त्यांनी विचारलं.

खरं सांगते अण्णा, 'मी' हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. तुमच्या हाताखाली इतकी वर्षं काढल्यावर दुसरं काय येणार? मी पाऊलही उचललं होतं. आणि दत्ताकडं बघितलं. त्याचे ओठ हलत होते. मी जागच्या जागी थांबले. ते थांबणं किती अवघड गेलं, हे फक्त तुम्हालाच कळलं असतं.

"मी थांबवली," दत्ता म्हणाला.

साहेब माझ्याकडं वळले. मी म्हटलं, "बरोबर थांबवली त्यानं. मी त्याच्यासंगं हाय."

"वर या. दोघंही."

वर गेल्यावर साहेब ऑर्डरचं बोलायला लागले, गाडी लागलीय, दंड बसेल. दत्तानं मधेच तोडलं. "साहेब, त्या वेळचे ओले कोअर मीच काढलेते. अण्णांनी न्हाय. अण्णांनी मला काय सांगितलं नव्हतं."

मला वाटलं, आता साहेब उसळतील. ते खुर्चीत मागं टेकले. "माहीत आहे मला," म्हणाले. "अण्णा माझ्यासमोर बसले होते ना तेव्हा."

बघा अण्णा. त्यांना पहिल्यापासनं माहीत होतं. तुमच्या खोट्याची सगळ्यांत जास्त सोय त्यांचीच झाली होती.

माझा आवाज तुमच्यासारखा मोठा नाही, पण त्या दिवशी निघाला. मी म्हटलं, "मग आता तरी विचारा साहेब, त्यानं ते का काढले होते? तुम्ही एवढा माल मागताय आणि ओव्हन एक हाय. संभाचा हात दत्तानं एकट्यानं जाळला न्हाय."

साहेबांनी खिडकीतनं खाली शेडकडं बघितलं. "ओव्हनचं बघू," म्हणाले. "जावा कामाला."

बघू म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. ओव्हन अजून एकच आहे. माल सुकेपर्यंत लाईन थांबते, आणि जवळजवळ रोज दुपारी मला वर बोलावणं येतं. मला किती दिवस ठेवतील सांगता येत नाही. दत्तालाही. घरात हे मी कुणाला बोललेले नाही. तुम्हाला सांगते.

त्या दिवशी पाळी सुटल्यावर दत्तानं हातपाय धुतले, भांग पाडला आणि म्हणाला, "बिद्रीला जाऊन येतो." मी म्हटलं, मी येऊ का बरोबर? "नको," म्हणाला. तुम्ही असतासा तर त्याला जाऊ दिलं नसतंसा. आधी स्वतः जाऊन, चार गोष्टी बोलून, सगळं गुळगुळीत करून आला असतासा. मी जाऊ दिलं. कागलच्या स्टँडवर त्याची गाडी लागेपर्यंत नुसती शेजारी उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी तो पाळीला आला. डोळे सुजलेले. मी विचारलं, काय झालं?

"संभा काय बोलला न्हाय. बाही वर करून हात दाखवला नुसता."

"आणि त्याची आई?"

"बोलली की. पोटात होतं नव्हतं ते सगळं बोलली. आंगणात उभं करून, शेजारीपाजारी ऐकायलेत तसं." त्यानं हातमोजे चढवले. "ऐकून घेतलं. परत येतो म्हणून सांगून आलोय."

एवढं बोलून तो कामाला गेला. त्याला माफ केलंय असं कुणी म्हटलेलं नाही. पुढं म्हणतील की नाही, ठाऊक नाही. मी त्याला जाऊ दिलं हे बरोबर की चूक, तेही मला ठाऊक नाही. पण बिद्रीत आता तुमच्या नावानं शिव्या देत नाहीत अण्णा. दत्ताच्या नावानं देतात. तुम्हाला हे आवडायचं नाही, माहिताय मला. तरी सांगितलं.

तुमची तंगी,
रुक्साना